खुडूक कोंबडी, १० अंडी आणि नागपूरचं ऊन

पहिल्या वर्षी मी १३ अंडी ठेवली आणि पिल्लू निघालं १. एप्रिल महिना होता. नागपुरात हुडकेश्वरच्या पुढं घर, मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, टिनाचं शेड, आणि अंडी स्वयंपाकघरातल्या फळीवर पंधरवडाभर जमवलेली. कोंबडी एक दिवस चुकली नाही. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी फोडून पाहिली, तर कुणात लाल कडं, कुणात अर्धवट पिल्लू, दोनांत नुसता वास. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "तिनं तं तिचं काम केलं ना बाप्पा. तू काहून अंडे आधीच शिजवून ठेवले?"

तेव्हापासून मी असंच मानतो. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायची ओढ लागलेल्या, कोंबडीला उबवणं शिकवावं लागत नाही. आपल्याकडे असतं ते ती बसण्याआधीचं आणि उठल्यानंतरचं काम: महिना कोणता, अंडी किती दिवसांची, टोपली कुठं, आणि निघालेल्या पिल्लांवर कुणाकुणाचा डोळा आहे. म्हणून मधल्या २१ दिवसांपेक्षा आधीच्या आठ-दहा दिवसांबद्दल मी जास्त बोलणार आहे.

आधी कॅलेंडर बघा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागला की नागपुरात सावलीतला पारा ४५ च्या आसपास असतो. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७ च्याही वर गेला होता. टिनाखाली त्याहून जास्त. अंड्यातल्या जिवाला लागतं साधारण साडेसदतीस अंश. चाळिशीच्या वर काही तास गेले की तो मरायला लागतो. एरवी कोंबडी दाण्यापाण्याला उठली की अंडी थोडी निवतात आणि त्यानं काही बिघडत नाही. मे महिन्यात ती उठली की अंडी आणखी तापतात. शिवाय कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापा टाकते, पंख पसरते, अंड्यांवरून अर्धी उठून बसते. अशा हवेत तिला २१ दिवस एका जागी डांबणं म्हणजे अंड्यांबरोबर तिचाही जीव घालवणं.

माझी खूण मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातून काळी-पिवळी मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघाली की मी कोंबड्यांकडे लक्ष द्यायला लागतो आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रवण घालतो, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवतो. या दिवसांत चारा असतो, किडे असतात, ऊन बोचत नाही, आणि थंडी कडक होईतो पिल्लांना पिसं फुटलेली असतात. दुसरी संधी संक्रांतीनंतर, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. होळीच्या आगेमागे पिल्लं निघतील असा हिशोब धरा, म्हणजे खरा उन्हाळा लागेपर्यंत ती महिन्याची होतात. मार्चच्या मध्यानंतर मी कुणाचं ऐकत नाही, रवण बंद.

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं रात्रीचं तापमान ८-१० अंशांवर येतं. तेव्हाही जमतं, पण अंडी कमी ठेवायची. पावसाळ्यात अडचण उष्णतेची नसते, ओलीची असते. ओल्या तणसाला (धानाच्या पेंढ्याला) बुरशी धरते आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. जमीन कोरडी ठेवायची सोय असेल तरच जुलै-ऑगस्टच्या वाटेला जा.

मे महिन्यात कोंबडी खुडूक झालीच तर तिची खुडूक मोडावी. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून हवा खेळेल असं, सावलीत तीन-चार दिवस ठेवा. आत तणस नको, घरट्यासारखं काही नको. दाणा आणि पाणी मात्र भरपूर. पोट गार राहिलं की बसण्याची ओढ उतरते. बादलीत बुचकळणारे लोक आहेत. कोंबडी घाबरून अर्धमेली होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊन बसते.

खरी खुडूक कोणती

कोंबडी दुपारी खुराड्यात बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. रात्री बघा. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही एकटी खाली अंड्यांवर पसरून राहिली तर अर्धं काम झालं. हात नेला की पिसं फुलवते, गुरगुरते, चोच मारते. चालताना सतत 'कुडुक-कुडुक' चालू. तुरा फिका पडतो, अंडी थांबतात, पोटाखालची पिसं विरळ होऊन उघडी कातडी दिसते. ती कातडी अंड्याला थेट टेकते, तिथूनच ऊब जाते. आणि विष्ठा: दिवसातून एकदाच, भली मोठी, आणि असा वास की एकदा घेतला की पुन्हा चुकत नाही.

तरीही लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन-तीन रात्री दोन खोटी अंडी ठेवून बघा, प्लास्टिकची किंवा शिळी आणि पेन्सिलनं खूण केलेली. डांबराच्या गोळ्या खोटी अंडी म्हणून ठेवणारे मी पाहिलेत. त्या विषारी असतात, ठेवू नका. तिसऱ्या रात्रीही ती तिथंच असेल तर तिच्यावर भरवसा ठेवा.

कोंबडी निवडताना गावरान, दीड-पावणेदोन किलोची, आणि शक्यतो एकदा पिल्लं वाढवलेली घ्या. पहिलटकरीण तलंग (तरुण कोंबडी) कधी उत्तम बसते, कधी बाराव्या दिवशी उठून चालती होते. तिला पाच-सहा अंड्यांवरच आजमावा. असील जातीची कोंबडी आई म्हणून जबर, पण अंगानं जड. टोपली उथळ असेल तर पायाखाली अंडं फुटतं. कडकनाथ कोंबड्या सहसा नीट बसत नाहीत, म्हणून कडकनाथची अंडी गावरान कोंबडीखाली घालणं चांगलं. गिरिराज, वनराज या सुधारित जाती आणि पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेअर कोंबड्या यांच्यातली बसण्याची ओढ निवड करकरूनच कमी केलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही आणि ते धंद्याला परवडत नाही.

अंडी: सगळा खेळ इथं आहे

माझी १२ अंडी का गेली, ते नंतर कळलं. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हाच त्यातल्या जिवाची वाढ एक दिवसाची झालेली असते, कारण साधारण २४ तास ते आईच्या ४१ अंशांच्या अंगात असतं. बाहेर येऊन गार झालं की वाढ थांबते आणि तो जीव झोपून राहतो. साधारण २१ अंशांच्या खाली तो नीट झोपतो. त्याच्या वर वाढ हळूहळू चालू होते, पण पुरेशी ऊब नसल्यानं धड होत नाही आणि गर्भ अशक्त होऊन मरतो. एप्रिलमध्ये माझ्या स्वयंपाकघरात ३५ च्या वर होतं. म्हणजे अंडी पंधरा दिवस ना झोपली, ना जागी झाली. काकूंचा 'शिजवून' हा शब्द थोडा कडक होता, पण चूक नव्हता.

म्हणून पहिला नियम असा की अंडं ७ दिवसांपेक्षा जुनं नको. हिवाळ्यात १० दिवसांपर्यंत चालवून घेता येतं, पण पुढच्या प्रत्येक दिवसागणिक पिल्लं कमी होत जातात. ठेवायची जागा १५ ते १८ अंशांची असावी. घरात ही जागा शोधणं अवघड, आणि फ्रिज फार गार पडतो. ४-५ अंशांत दिवसचे दिवस राहिलेल्या अंड्यांतून फारशी पिल्लं निघत नाहीत. यावर जुना उपाय आहे. मोठ्या घमेल्यात वाळू घाला, वाळू ओली करा, तिच्यात मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, मडक्यात कोरडं तणस टाकून त्यावर अंडी ठेवा आणि तोंडाला सुती फडकं बांधा. रोज सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. कूलर जे करतो तेच हे मडकं करतं. ऑक्टोबरच्या उन्हात आणि फेब्रुवारीत ते छान चालतं. हवा दमट असली की त्याचा तेवढा उपयोग होत नाही, मग घरातली सगळ्यांत गार खोली शोधा आणि अंडी तीन-चार दिवसांतच वापरा. अंड्याचं टोकदार तोंड खाली, बोथट वर. बोथट बाजूला हवेची पिशवी असते, ती वरच राहायला हवी.

रोज गोळा केलेल्या अंड्यावर पेन्सिलनं तारीख लिहा. मार्कर पेन नको, अंड्याला छिद्रं असतात. त्याच कारणानं अंडं धुऊ नका. घातलं जातं तेव्हा त्याच्यावर एक पातळ थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. धुतलं की तो जातो. घाणीनं माखलेलं अंडं खायला घ्या, रवणाला नको. फार मोठं, फार लांबट, खडबडीत, कागदासारख्या कवचाचं, तडा गेलेलं अंडंही खायलाच. दोन अंडी हलकेच एकमेकांवर टिचकवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तडा आहे. ४५-५० ग्रॅमचं मध्यम, गुटगुटीत अंडं सगळ्यांत बरं.

कोंबडा हवा, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतो. आठ-दहा कोंबड्यांमागं एक धडधाकट कोंबडा. नवा आणला असेल तर दहा दिवस जाऊ द्या आणि मग अंडी जमवा. वस्तीत कोंबडा ठेवणं सोपं नाही, पहाटे चारला तो सगळ्या लेआउटला उठवतो. मी दोनदा शेजाऱ्यांची समजूत काढली, तिसऱ्यांदा कोंबडा उमरेडकडच्या नातेवाइकांकडे पोचवला. आता मी अंडी तिकडूनच आणतो. नागपूरच्या मंगळवारी बाजारात किंवा रस्त्यावर 'गावरान' म्हणून मिळणाऱ्या अंड्यांवर रवण घालू नका. त्यांना तारीख नसते, कोंबड्याची खात्री नसते, आणि टोपली उन्हात किती तास होती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. उमरेड, कुही, मौद्याकडे कुणी ओळखीचं असेल तर सकाळी जाऊन त्यांच्या अंगणातून घ्या. आणताना भुश्यात दाबून, मांडीवर ठेवून आणा, डिकीत नको. घरी आल्यावर १२-२४ तास स्थिर ठेवा, मग कोंबडीखाली.

किती ठेवायची? तिच्या पोटाखाली पूर्ण झाकली जातील तेवढी. गावरान कोंबडीला हिवाळ्यात ८ ते १०, ऑक्टोबरात १०-१२. एखादं अंडं जरी बाहेर डोकावत असेल तर नुकसान एकाचं होत नाही. ती रोज अंडी फिरवते, त्यामुळं आज हे बाहेर, उद्या ते, अशी पाळी सगळ्यांवर येते. आमची आजी नेहमी विषम आकडा ठेवायची, ९ किंवा ११. त्यानं काही होतं असं मला वाटत नाही, पण मीही ११ च ठेवतो.

टोपली आणि जागा

रवणाची जागा बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी हवी. एकत्र ठेवलं तर दुसऱ्या येऊन तिच्याखाली अंडी घालतात, मग पाचव्या दिवशी आलेलं अंडं आणि पहिल्या दिवशीचं यांचा मेळ बसत नाही. कोपऱ्यातली, अंधूक, वारा न लागणारी आणि पाय न पडणारी जागा बघा. जमिनीवर किंवा जमिनीलगत. पश्चिमेची भिंत नको, ऑक्टोबरातही ती संध्याकाळपर्यंत धगधगत असते.

बांबूची टोपली, जुनं घमेलं, लाकडी खोकं, काहीही चालतं. रुंदी १४-१५ इंच, कड ५-६ इंच. खोल बादलीसारखं नको; कोंबडीला आत उडी मारावी लागली की अंडी फुटतात. तळाला दोन-तीन इंच माती किंवा बारीक वाळू घाला, मधे बशीसारखा खोलगट आकार द्या, म्हणजे अंडी मधोमध गोळा होतील. मातीवर लाकडाची किंवा गोवरीची चाळलेली राख पसरा आणि वर धानाचं तणस हातानं चुरून घाला. सोयाबीनचं कुटार (भुसा) अनेकांच्या घरी पडून असतं, पण त्याला धूळ फार आणि ओल लागली की बुरशी लगेच. ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते. मी तणसच वापरतो, तेही उन्हात वाळवलेलं.

राख उगाच नाही. कोंबडी रवणावरून उठून जाते त्याचं मोठं कारण उवा, पिसवा आणि गोचीड. दिवसभर काही दिसत नाही. गोचीड भिंतीच्या फटीत लपलेली असते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते. म्हणून बसवण्याआधी त्या कोपऱ्याच्या फटी बुजवा, चुना मारा, जुनं तणस जाळून टाका. कोंबडीला उलटी धरून पंखांखाली आणि गुदाभोवती बघा. हलणारे किडे किंवा पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ दिसले तर कोरडी राख चोळा, दोन दिवसांनी पुन्हा बघा. जास्तच असतील तर पशुवैद्यकाला विचारून औषध लावा, पण ते बसवायच्या आठवडाभर आधी. रवणात फिनाईल किंवा कीटकनाशक शिंपडू नका, अंडं ते आत ओढून घेतं. कडुलिंबाची चार पानं टाकायला हरकत नाही.

आणि झाकण. मांजर, मुंगूस, घूस, धामण. सांदवाडीच्या मागं नाला असेल तर घूस नक्की येणार आणि ती जमिनीखालून येते, म्हणून टोपलीखाली फरशी हवी. रात्री वरून डालं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, उपडं ठेवून त्यावर वीट. कोंबडी जाळी साध्या उड्या थांबवते, पण तिच्या भोकांतून सापाला येता येतं. मी अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावली आहे.

बसवण्याची रात्र

दिवस मावळल्यावर, कोंबडी सुस्त असताना. आधी टोपलीत खोटी अंडी ठेवा, मग तिला दोन्ही हातांनी पंखांसकट उचलून मागच्या बाजूनं हळूच टेकवा. पंखात अंडं अडकलेलं असतं कधीकधी, ते सोडवून घ्या. अंधार ठेवा, डालं झाका. पहिली रात्र आणि दुसरा दिवस ती नव्या जागेत खोट्या अंड्यांवर टिकली तर दुसऱ्या रात्री खरी अंडी एकेक करून तिच्याखाली सरकवा आणि खोटी काढा. सगळी अंडी एकाच रात्री. दोन दिवसांनी आणखी चार घालू, असं नाही चालत. पहिली पिल्लं निघाली की ती उठणार आणि मागची चार अंडी टोपलीत गार पडणार.

भिंतीवर खडूनं तारीख लिहा. १ ऑक्टोबरच्या रात्री ठेवली असतील तर पिल्लांची तारीख २२ ऑक्टोबर. ठेवलेला दिवस मोजायचा नाही, ही चूक बहुतेकांची होते आणि मग विसाव्या दिवशी घरात उगाच चिंता.

२१ दिवस

आता तुमचं काम रोजचं वीस मिनिटांचं. सकाळी एका ठरलेल्या वेळी डालं काढा. कोंबडी स्वतः उठेल, खाईल, पाणी पिईल, विष्ठा टाकेल, धुळीत लोळेल आणि परत जाईल. दाण्यात ज्वारी, मका, गहू, थोडी कनकी (तांदळाची चुरी). सुकं धान्य दिलं की विष्ठा घट्ट राहते आणि टोपली घाण होत नाही. पाणी टोपलीपासून चार-पाच फूट लांब ठेवा, म्हणजे तिला उठावं लागेल. राख-माती मिसळलेलं एक घमेलं जवळ असू द्या, ती त्यात अंघोळ करते आणि अंगावरच्या उवा आपोआप कमी होतात.

काही कोंबड्या इतक्या चिकट असतात की दोन-दोन दिवस उठत नाहीत. अशीला हातानं उचलून दाण्यापाशी सोडा, नाहीतर ती वाळत जाते. उलट एखादी तासभर बाहेर रेंगाळते. ऑक्टोबरात त्यानं फार बिघडत नाही, जानेवारीच्या सकाळी बिघडतं. तेव्हा वीस मिनिटांनी तिला हळूच आत हाका.

विष्ठेनं किंवा फुटलेल्या अंड्यानं तणस चिकट झालं तर तेवढं बदला. माखलेलं अंडं कोरड्या फडक्यानं पुसा.

सातव्या रात्री अंडी उजेडात बघा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, मागून मोबाईलचा टॉर्च, पुढं अंड्याचा बोथट भाग टेकवा. मध्यभागी काळा ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसता पिवळसर उजेड आरपार गेला तर अंडं वांझ, कोंबड्याचं पाणीच लागलेलं नाही. लाल कडं किंवा वेडीवाकडी रेघ दिसली तर गर्भ सुरुवातीलाच मेला. वांझ आणि मेलेली काढून टाका. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा बघा: जिवंत अंडं बहुतेक काळं, वर हवेची पिशवी स्वच्छ, आणि टॉर्च लावल्यावर आत हालचाल. जे ढवळून निघाल्यासारखं दिसतं किंवा वास मारतं ते हळूच बाहेर काढा आणि घरापासून लांब पुरा. ते टोपलीत फुटलं तर बाकीच्या अंड्यांचं काही खरं नाही.

दर संध्याकाळी अंडी तपासायचा मोह होतो. मला झाला होता. काकूंनी तेव्हाही कुंपणावरून सुनावलं, "कोंबडी बसून राहिली ना चुपचाप, मंग तू काहून उठूउठू पाहून राहिला?" दोनदा बघणं पुरे. अंडी फिरवायचीही नाहीत. ती स्वतः चोचीनं दिवसातून अनेकदा फिरवते.

अठराव्या दिवसानंतर हात बंद. पिल्लू बोथट बाजूकडे तोंड करून बाहेर यायच्या तयारीत असतं. कोरड्या हवेत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, आतलं पातळ आवरण वाळून पिल्लाला चिकटतं आणि चोच मारूनही त्याला बाहेर पडता येत नाही. म्हणून अठराव्या दिवसापासून टोपलीच्या खालची माती आणि भोवतालची फरशी ओली ठेवा. कोमट पाण्याचे चार शिंतोडे तिच्या पोटाच्या पिसांना लागले तरी चालतात. गार पाणी अंड्यांवर ओतू नका. सप्टेंबरात हवेत ओल असतेच, तेव्हा यातलं काहीही नको.

पिल्लं निघतात तेव्हा

विसाव्या दिवशी कान लावा. अंड्यातून बारीक 'चिव' ऐकू येतं आणि कोंबडी वेगळ्याच मऊ आवाजात उत्तर देते. हे मी दर वर्षी ऐकायला बसतो, त्याचा कामाशी काही संबंध नाही.

पहिला तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. मधे ते थांबतं, झोपतं, पुन्हा टोचतं. त्या वेळात अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचं आणि आवरणातलं रक्त आटवायचं काम चालू असतं. तुम्ही कवच सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. मदतीच्या नावाखाली मी तीन घालवलीत.

संध्याकाळी रिकामी कवचं काढून घ्या, एखादं न फुटलेल्या अंड्यावर टोपीसारखं बसतं आणि आतलं पिल्लू अडकतं. बाकी काही नको. बाहेर आलेल्या पिल्लांना दाणापाणी लगेच लागत नाही. त्या बलकावर ती दोन दिवस काढतात, म्हणूनच कोंबडी मागच्या पिल्लांची वाट बघू शकते. मात्र पहिली दोन-तीन पिल्लं वळवळू लागली म्हणून तीच अधीर होऊन उठत असेल तर ती पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॅटच्या पिवळ्या बल्बखाली ठेवा आणि सगळी निघाल्यावर रात्री तिच्याखाली परत सरकवा. तेविसाव्या दिवशी जे उरलं ते उरलं. दहातून आठ निघाली तर हात जोडा.

विकत आणलेली एक दिवसाची पिल्लं तिच्यात मिसळायची असतील तर हीच वेळ आहे. रात्री, तिच्या पिल्लांच्या वयाची, पंखाखाली. सकाळी ती मोजत बसत नाही. चार दिवसांनी आणलीत तर चोचीनं मारून टाकेल.

पहिला महिना

उबवणं जमलेले लोक इथं हरतात. पहिला आठवडा आई आणि पिल्लं डाल्याखाली किंवा बंद खोलीत. जमिनीवर कोरडं तणस किंवा भाताचा कोंडा, रोज वर-खाली करून. पहिलं पाणी कोमट, लिटरला दोन चमचे गूळ. भांडं उथळ, आणि त्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लं बुडून मरतात. बशीभर पाण्यात बुडतात, खोटं नाही.

दाणा म्हणून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, सगळ्यांत सोपा, त्यात प्रथिनं साधारण २० टक्के असतात. तो न मिळाल्यास बारीक कनकी, भरडलेला मका आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं. नुसत्या कनकीवर पिल्लं जगतात, पण पंख लोंबतात आणि वाढ खुंटते. गावाकडं यावर उधईचा (वाळवीचा) उपाय आहे: मडक्यात ओलं शेण आणि तणस भरून ते वारुळाजवळ, उधई दिसते तिथं, रात्रभर उपडं ठेवायचं. सकाळी मडकं उचललं की उधई भरलेली. पिल्लांसमोर झटका. त्यांची धावाधाव बघितल्यावर स्टार्टरची पिशवी आणायला उशीर झाला तरी चालतो.

दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी ऊन आल्यावर आईबरोबर बाहेर सोडा. घार दिसली की ती ओरडते आणि पिल्लं तिच्या पोटाखाली गडप होतात. घारीशी ती लढेल, कावळ्याशी लढेल, मांजराशी मात्र रात्री लढू शकत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत सगळी आत. डिसेंबरच्या रात्री खुराड्याला तीन बाजूंनी गोणपाट बांधा आणि वरून थोडी हवा राहू द्या; पूर्ण बंद केलं तर विष्ठेचा उग्र वायू साचतो आणि पिल्लांचे डोळे पाणावतात. विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. जमीन लगेच कोरडी करा आणि त्याच दिवशी औषध विचारा, दोन दिवस थांबलात तर अर्धी जातात.

लसीचं वेळापत्रक चुकवू नका, कारण मानमोडी (राणीखेत रोग) आली की सांदवाडी दोन-तीन दिवसांत रिकामी होते. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीचीच लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहा-सात आठवड्यांनी देवीची, आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, टोचून. लसीची कुपी शंभर डोसांची किंवा त्याहून मोठी असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी ती फोडणं जिवावर येतं, म्हणून वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून तारीख ठरवा. कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, सकाळी लवकर द्या. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही सल्ला मिळतो. मेलेलं पिल्लू मात्र उकिरड्यावर टाकू नका. खोल खड्डा, वर चुना. आणि एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवा, बर्ड फ्लूच्या काळात हे आपल्या घरासाठीही गरजेचं आहे.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात एके दिवशी ती पिल्लांना टोचून हाकलायला लागते. दाणा दाखवणारी आई दाण्यावरून मारते. घाबरू नका, तिचा तुरा पुन्हा लाल झालेला दिसेल. ती अंड्यावर येते आहे. पिल्लं वेगळी करा, तिला महिना-दीड महिना भरपूर खाऊ द्या. २१ दिवसांत तिचं वजन चांगलंच उतरलेलं असतं, लगेच पुन्हा खुडूक बसू लागली तर या खेपेला मोडा. पुढचं रवण भिंतीवरची खडूची तारीख पुसून, टोपलीतलं तणस जाळून, नव्या मातीवर.